वीस हात

एप्रिलच्या शेवटी शिरपूरकडचे एक केळीवाले शेतकरी धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या पॉलिशच्या दुकानात आले. बंगल्याचं काम संपत आलेलं, सागाचा झोका सुताराकडून तयार होऊन आलेला, पॉलिश तेवढं राहिलेलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. "भाऊ, आशी चमक जोयजे."

फोटोत होडी होती. तपकिरी-लालसर, लांब नाकाची, मधल्या फळ्यांवर पांढऱ्या बारीक रेघा आणि वरून अशी चमक की काठावरची घरं तिच्या अंगात दिसत होती. मुंबईला शिकणाऱ्या पोराने पाठवलेला फोटो. खाली लिहिलं होतं, रीवा अक्वारामा.

या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. 'इटालियन फिनिश' हा शब्द रोज कानावर पडतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'बिल वाढवा' एवढाच असतो. पण ही चमक खोटी नव्हती. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बसलो, तो दीड वाजला.

इटलीच्या उत्तरेला इझेओ नावाचं तळं आहे, त्याच्या काठी सार्निको गाव. तिथे 1842 मध्ये रीवा घराण्याने होड्या बांधायला सुरुवात केली. वादळात मोडलेल्या कोळ्यांच्या नावा पिएत्रो रीवाने दुरुस्त करून दिल्या आणि तिथून धंदा सुरू झाला, असं सांगतात. म्हणजे मूळ दुरुस्तीचं. हे वाचून मला बरं वाटलं. पुढे चौथ्या पिढीतल्या कार्लो रीवाने ठरवलं की होडी मोटारगाडीसारखी दिसली पाहिजे. 1962 मध्ये त्याने अक्वारामा आणली. पुढची काच दोन्ही बाजूंनी वळवून घेतलेली, त्या काळच्या सिनेरामाच्या रुंद पडद्यासारखी. नावातला 'रामा' तिथूनच आला. आमच्या गिऱ्हाइकाला मात्र हे देवाचं नाव वाटलं होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

लांबी आठ मीटरच्या थोडी वर. मागे दोन व्ही-आठ इंजिनं, त्यांच्या झाकणावर गादी टाकून ऊन खात पडायची सोय. फेरुचियो लॅम्बोर्गिनीने 1968 मध्ये स्वतःच्या अक्वारामात आपल्याच कारखान्याची दोन बारा सिलिंडरची इंजिनं बसवून घेतली. हे मी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं आणि हा माणूस गाड्या बनवण्याआधी ट्रॅक्टर बनवायचा हेही सांगितलं, तेव्हा पलीकडून पाच सेकंद आवाज नाही. मग, "ट्रॅक्टरवाला का? मंग तं आपलाच माणूस!"

माझा जीव मात्र लाकडात अडकला होता. होडी महोगनीची. महोगनीचे रेषे बारीक, लाकूड शांत, व्हार्निश धरून ठेवणारं. आपल्या सागाच्या अंगातच तेल. म्हणून तर तो पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, आणि नेमकं तेच तेल पॉलिशला नीट चिकटू देत नाही. महोगनीवर त्यांनी व्हार्निशचे वीसच्या आसपास हात मारलेले. एक हात, वाळवणं, घासायचा पेपर मारणं, पुसणं, पुन्हा हात. धुळ्यात लोक तीन हातांचे पैसे देतानाही घासाघीस करतात.

माझे आजोबा मुडावदचे. तिथे पांझरा तापीला मिळते, संगमावर कपिलेश्वराचं देऊळ. आजोबा सुतार होते, औतं-बैलगाड्यांची कामं करायचे आणि उन्हाळ्यात भोयांच्या नावा दुरुस्त करायचे. फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकायची, वरून गरम डांबर. चमकबिमक काही नाही. मी लहानपणी वाती वळून द्यायचो. एखादी ढिली वळली की ते ती उपसून काढायचे आणि म्हणायचे, "पानीले फट बराबर दिखस." सार्निकोतल्या व्हार्निशचं कामही शेवटी हेच. चमक डोळ्याला दिसते, पण आधी तिने लाकडाचं तोंड बंद केलेलं असतं.

मी हौसेने वीस हात कबूल केले. तेही मे महिन्यात! चव्वेचाळीस डिग्रीत हात मारला की वरची साय लगेच धरते आणि आतलं पातळ वायू होऊन वर येतं, फोड येतात. सहाव्या हाताला झोक्याच्या पाठीवर मोहरीएवढे फोड. सगळं घासून चौथ्या हातावर परत आलो. मग पहाटे चारला काम सुरू केलं, ऊन चढायच्या आत बंद. एकदा शटर अर्धं उघडं राहिलं आणि दुपारच्या वावटळीने आख्खी गल्ली झोक्यावर आणून बसवली. पोऱ्या म्हणाला, "काका, पेपरच्या पैशात दुसरा झोका झाला असता." पावसाळ्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं, दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं. चौदा हातांवर थांबलो. पंधराव्याने फरक दिसेना, की माझे डोळे थकले होते, कोण जाणे.

त्या होडीचं लाकूडही शेवटी थांबलंच. कार्लोने 1969 मध्ये कंपनी अमेरिकेच्या व्हिटेकर समूहाला विकली, फायबरचे दिवस आले. शेवटची अक्वारामा 1996 मधली. आता रीवाचं नाव फेरेत्ती समूहाकडे आहे आणि त्या नावाने पन्नास मीटरच्या मोटारयॉटही निघतात. कार्लो पंच्याण्णव वर्षांचा होऊन 2017 मध्ये गेला.

वास्तूला मला बोलावलं होतं. झोका ओसरीत टांगलेला, अंगणातलं लिंबाचं झाड त्याच्या पाठीत जसंच्या तसं उतरलेलं. दोघा-तिघांनी हात फिरवून पाहिला. मालक सगळ्यांना ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट सांगत होते. मी जेवून येईपर्यंत त्यांच्या आईने झोक्यावर जाड गोधडी अंथरली होती, वर आणखी एक चादर. "पोरंसोरं बसतीन," त्या मला म्हणाल्या, "चमक खराब व्हई जाई ना, भाऊ."