उणे दीड अंश

सकाळी आले तेव्हा लसींच्या फ्रीजमधला लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं यंत्र, अलार्म दाखवत होता. रात्रीचं किमान तापमान उणे १.५ अंश सेल्सिअस. लसी राहायला हव्यात २ ते ८ अंशांत. लॉगरचा हा अलार्म उणे ०.५ किंवा त्याखाली सलग ६० मिनिटं गेली तरच लागतो, म्हणजे आकडा क्षणभर घसरला असेल असं म्हणायलाही जागा नव्हती.

"मॅडम, सगळं फेकून द्यायचं का?" सहकारी विचारत होती. बाहेर लसीकरण सत्रासाठी साठा न्यायला गाडी उभी. माझे हात गार पडले होते. सगळं फेकलं तर कुणी बोट दाखवणार नाही. कुप्या वरून ठीक दिसताहेत म्हणून पाठवल्या तर आजचं काम अडणार नाही. पण फेकलेली लस परत आणता येत नाही, आणि बाळाला टोचलेली तर नाहीच. म्हणून ठरवलं, आत्ता फक्त मागे घेता येईल तेवढंच करायचं.

गाडी थांबवली. कुठला डबा कुठल्या कप्प्यात होता ते लिहून घेत साठा दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवला, वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी. मग वरिष्ठांना फोन केला: काय कळलंय, काय अजून कळायचंय, पुढचा फोन किती वाजता करीन.

त्यानंतर लसी वेगळ्या केल्या. तोंडावाटे द्यायचा पोलिओ, गोवर, बीसीजी गोठल्याने बिघडत नाहीत. परवानगी घेऊन त्या तासाभरात गाडीत गेल्या. प्रश्न हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि धनुर्वाताच्या लसींचा होता. त्यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. एकदा गोठल्या की कणांच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन इथे उपयोगाचा नाही, तो फक्त उष्णता सांगतो. बर्फ डोळ्यांना दिसला असता तर सरळ फेकल्या असत्या. दिसत नव्हता, म्हणून शेक टेस्ट: संशयित कुपी मुद्दाम गोठवलेल्या कुपीबरोबर हलवायची आणि कुठला गाळ किती वेगाने बसतो ते बघायचं.

तिला रात्र लागते, आणि सगळ्यांत अवघड तीच रात्र गेली. त्याच लसीची, त्याच बॅचची एकेक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवायला ठेवली. दिवसभर फोन येत राहिले, "काय ते सांगून टाका." प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: उद्या सकाळी.

सकाळी गोठवलेल्या कुप्या ऊब न देता वितळू दिल्या. मग गोठवलेली आणि संशयित अशी जोडी एका हातात धरून १०-१५ सेकंद हलवली, शेजारी ठेवली आणि बघत बसलो. मधल्या कप्प्यातल्या कुप्यांचा गाळ गोठवलेल्यापेक्षा सावकाश बसत होता, त्या वाचल्या. थंड पत्र्याला टेकलेल्या डब्यांतल्या कुप्यांचा गाळ मात्र गोठवलेल्या कुपीच्याच वेगाने खाली बसला. ते डबे बाद केले.

तोवर कुणी काय केलं हे मी विचारलं नव्हतं. सहकारी आपणहून म्हणाली, "मॅडम, आदल्या दिवशी नवा साठा ठेवताना तापमान ९ वर गेलं होतं, म्हणून मी थर्मोस्टॅट फिरवला." दार बराच वेळ उघडं राहिलं की पारा चढतोच, आणि बंद केल्यावर आपोआप उतरतो, त्या वेळी थर्मोस्टॅटला हात लावायचा नसतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. ती रडवेली झाली होती. तिच्या शेजारी बसून अहवालात कारण म्हणून मी तेच लिहिलं, आणि त्याखाली माझी सही केली.