अबॉट्सफर्डच्या आईचा फोन

व्हँकुव्हरजवळ लँगलीला कॅथलिक पॅसिफिक कॉलेजात मी विद्यार्थी सल्लागार होते, तेव्हाची गोष्ट. कॉलेज अगदी लहान, १९९९ साली ‘रिडीमर पॅसिफिक’ नावाने सुरू झालेलं. ते जोडलेलं ट्रिनिटी वेस्टर्न युनिव्हर्सिटीला, जी इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळींनी १९६२ मध्ये काढली. डिग्री त्यांची; ईशज्ञान (थिऑलॉजी), तत्त्वज्ञानाचे काही कोर्स आमचे. आमचा कुठला कोर्स त्यांच्या डिग्रीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो, हे मला तोंडपाठ. एक चुकला की पोराचं सेमिस्टर गेलं, आईबापांचे डॉलर गेले. करारावर सह्या वरचे करतात, भागीदारी टिकते ती या तक्त्यांवर.

नोव्हेंबरात आमच्या एका फिलिपिनो मुलाची आजी वारली. त्यांच्यात मयतानंतर नऊ दिवस प्रार्थना चालते. त्याचा रूममेट जवळच्या अबॉट्सफर्ड शहरातल्या मेनोनाइट घरातला; मेनोनाइट हाही एक प्रोटेस्टंट पंथ. तो माझ्याकडे आला. “मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्या बायबलात नाही. पण त्याला एकटा कसा सोडू?”

खरंच नाही. त्यांच्या बायबलात पुस्तकं ६६, आम्हा कॅथलिकांच्या ७३. यहूदा मक्काबी हा ज्यू सेनापती मेलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी २००० द्राख्मा (चांदीची नाणी) यरुशलेमला पाठवतो, ते ‘दुसरा मक्काबी’ हे पुस्तक त्या जास्तीच्या सातांत येतं. मी वसईची. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावताना असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, “नुसता बस.”

एका संध्याकाळी मीही गेले. ‘नमो मरिया’ या आमच्या मरियेच्या प्रार्थनेला त्या रूममेटचे ओठ घट्ट मिटलेले, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आलं की सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

पुढच्या टर्मला त्याने आमचा ईशज्ञानाचा कोर्स मागितला. तक्ता गच्च भरलेला. मी एक ऐच्छिक जागा शोधून तो बसवला.

मग त्याच्या आईचा फोन. “माझा मुलगा कॅथलिक होतोय का?” आमच्या चर्चमधले लोक मला नेमकं उलटं विचारायचे, तिथे आमच्या पोरांना बाटवतात का म्हणून. भीती तीच, आणि दोन्हीकडे तितकीच बिनबुडाची. पण मुलगा सज्ञान. तो कुठला कोर्स घेतोय हेसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय आईला सांगता येत नाही. मी नियम सांगितला. बाई म्हणाल्या, “कोर्सचं कोण विचारतंय?”

नियम योग्यच आहे, आजही मी तेच सांगेन. तुमचा मुलगा मित्राच्या दुःखात शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसला, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. तेही नियमात बसत नव्हतं. “त्यालाच विचारा,” म्हणून मी फोन ठेवला. त्यांनी विचारलं की नाही, कोण जाणे.