०.४३ मिलिमीटर

जूनमधल्या एका शनिवारी, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ओसरत आली असताना, माझी आठ वर्षांची एक जुनी रुग्ण आजोबांचा हात धरून आली. घरी सांभाळायला कोणी नसल्याने तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊही बरोबर होता. सहा महिन्यांनी बोलावले होते, ती वर्षाने आली. आजोबांनी पिशवीतून दोन वर्षांच्या दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवल्या. डोळ्यांत थेंब घातलेल्या प्रत्येक रात्रीच्या चौकटीत पेन्सिलीची बारीक फुली होती आणि एकही रात्र सुटलेली नव्हती.

मुलांच्या चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढू नये म्हणून द्यायचे ते थेंब मीच लिहून दिले होते : ॲट्रोपिन, ०.०१ टक्का. "नंबर आटोक्यात राहील," असेही मी जरा जास्तच ठामपणे सांगितले होते.

बाहुली मोठी करून तपासल्यावर मायनस दीडचा नंबर मायनस अडीच झालेला दिसला. मग यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याची लांबी मोजली, तेव्हा गेल्या वर्षीचे २३.६२ मिलिमीटर २४.०५ झाले होते. मायोपियात, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याच्या दोषात, बहुतेक वेळा बुबुळ नव्हे, तर अख्खा डोळाच मागच्या बाजूला लांबत जातो, पडदा ताणला जातो, आणि पुढे मोठ्या वयात पडदा सुटण्याचा धोका त्या ताणातूनच वाढतो. म्हणून चष्म्याच्या नंबरापेक्षा मला या ०.४३ ची धास्ती अधिक वाटली.

खरे तर याची सूचना मला आधीच मिळालेली होती. सिंगापूरच्या २०१२ च्या अभ्यासात ०.०१ टक्क्याने नंबराची वाढ मंदावलेली दिसली, पण डोळ्याची लांबी जवळपास उपचार न केलेल्या मुलांइतकीच वाढली होती. हाँगकाँगमध्ये ४३८ मुलांवर झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षी औषधाविना लांबी सरासरी ०.४१ मिलिमीटर वाढली, ०.०१ टक्क्याने ०.३६ आणि ०.०५ टक्क्याने ०.२०. हे सारे वाचलेले असूनही त्रास कमी म्हणून मी सवयीने सौम्य थेंबच लिहीत राहिले.

"आमचं काही चुकलं का, मॅडम?" आजोबांनी दिनदर्शिकेवर हात ठेवून विचारले.

"तुमचं नाही, आजोबा. औषध कमी पडलं, आणि ते मी ठरवलं होतं."

थेंब ०.०५ टक्क्याचे केले, उन्हात डोळे दिपतील हे सांगितले आणि 'सतत लावल्याने नंबर वाढतो' या समजुतीने शाळेपुरताच लावला जाणारा चष्मा दिवसभर लावायला बजावले.

तेवढ्यात तक्ते न्याहाळत बसलेल्या धाकट्याकडे लक्ष गेले. त्याचीही थेंब घालून तपासणी केली, तर नंबर जेमतेम प्लस पाव! आजोबा खूश झाले, पण मी झाले नाही. लहानपणी डोळा आखूड असल्याने नंबर प्लसकडे झुकलेला असतो; या वयात प्लसचा हा साठा याहून बराच अधिक असायला हवा, आणि तो इतक्या लवकर संपणे हीच मायोपियाची चाहूल असते. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर वाढवला, तेव्हा तीन वर्षांत मायोपिया जडलेल्या मुलांचे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले. उजेडाचा हा उपाय नंबर लागण्याआधीच अधिक चालतो, म्हणजे बहिणीपेक्षा त्याच्याच कामाचा.

"सोसायटीत मैदान नाही, पार्किंगमध्ये खेळला तर चालेल?"

"छताखाली नको. डोक्यावर आभाळ हवं, रोज दोन तास."

आजोबांनी पेन्सिल काढली आणि त्या दिवसाच्या चौकटीत, रात्रीच्या फुलीसाठी जागा सोडून, एक छोटे वर्तुळ काढले.