तोडायचा कुठला, ठेवायचा कुठला

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात मेंढा येतं. लेखा हे शेजारचं गाव, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गोंडांचं हे गाव मला कधीचं बघायचं होतं. जानेवारीत एकदाचा पोचलो. थंडी अशी की चहाचा कप हातातून सोडवेना.

सकाळी जंगलात निघालो. पुढे एक म्हातारेबुवा, मागे विशीतली चार-पाच पोरं आणि शेवटी धापा टाकत मी. मला वाटलं होतं, बांबू तोडायचा म्हणजे कुऱ्हाड चालवायची. पहिला अर्धा तास कुणी कुऱ्हाड उचललीच नाही. बुवा एकेका बेटाभोवती फिरत, कांडावर हात ठेवत आणि पोरांना विचारत, "हा किती वर्साचा?"

कोवळ्या कांडावर पांढरी भुकटी असते, पेरांना, म्हणजे कांडावरच्या गाठींना, वाळकी आवरणं चिकटलेली असतात. जुनं कांड मळकट, डागाळलेलं. नवे कोंब बेटाच्या कडेला फुटतात, जुनी कांडं आत अडकतात. म्हणून तोडायचं ते आतलं, पिकलेलं. बाहेरच्या पोराटोरांना हात लावायचा नाही. पण कडेचं तोडायला सोपं, आतलं काढताना अंग खरचटतं. बांबूची बेटं बिघडतात ती बहुतेक याच आळसाने, असं माझं मत झालं.

या बांबूमागे मोठं भांडण आहे. १९२७च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवलं होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने ते गौण वनोपज, म्हणजे मध-तेंदूपानासारखा गावकऱ्यांच्या हक्काचा जंगलातला माल, मानलं, आणि २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना द्यायचा कुणी, यावर घोडं अडलंच. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

दुपारी मलाही कुऱ्हाड मिळाली. वाकायचा कंटाळा, म्हणून मी कमरेएवढ्या उंचीवर, दोन पेरांच्या मधोमध घाव घातला. कांड पडलं, मी खूश. एक पोरगी शिदोरी सोडत होती, ती उठून आली.

"असा नाही जी, काका. खाली, पेराच्या जरा वर."

"का गं?"

तिने बाटलीतलं पाणी माझ्या खुंटात ओतलं. पोकळ कांडात ते वाटीसारखं साठून राहिलं. पावसाळाभर असंच साचणार आणि खुंट कुजणार. मग तिने खाली वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवरचं पेर शोधलं, त्याच्या लगेच वर दोन घाव घातले आणि माझा तुकडा बाजूला फेकला.

बुवा लांबून बघत होते. हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी.