सर्टिफिकेट हातात होतं, तरी क्रेडिटसाठी पाच फेऱ्या

स्वयंम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा 12 आठवड्यांचा एनपीटेलचा (आयआयटीवाले चालवतात तो) कोर्स मी पास झाले, 69 मार्क पडले, एलिट, म्हणजे चांगल्या मार्कांचं, सर्टिफिकेट आलं, आणि तरी त्याचे डिग्रीत धरले जाणारे 3 क्रेडिट मार्कशीटवर चढायला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात पाच वेळा जावं लागलं. अजून आठवलं की चिडचिड होते. पुढच्या बॅचच्या मुलांना तरी हा त्रास नको म्हणून लिहितेय.

कोर्स करणं तसं जमलं. आमचं घर गोव्यात वाळपईच्या बरंच आत, रेंज येते ती फक्त अंगणातल्या तुळशीपाशी, म्हणून मी कॉलेजच्या वायफायवर लेक्चरं डाउनलोड करायचे आणि कदंबा बसमधून घरी येताना बघायचे. असाइनमेंट बुधवारी रात्री 11:59 पर्यंत टाकायची असायची, गणेश चवथीच्या आठवड्यात माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट), पाहुणे, आरत्या यात एक राहिलीच, पण 12 पैकी चांगल्या 8 च धरतात म्हणून निभावलं. परीक्षा सेंटरवर जाऊन दिली, ती बरी गेली.

खरी गंमत नाही, खरा ताप सुरू झाला रिझल्टनंतर.

पहिल्या दिवशी सर्टिफिकेटची रंगीत प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून काउंटरवर गेले. मॅडमनी उलटून पालटून बघितलं आणि विचारलं, "ओरिजिनल खंय?" मी म्हटलं मॅडम हेच ओरिजिनल, ऑनलाइनच मिळतं. "हें प्रिंटआउट. शिक्को खंय?" एनपीटेल आता फक्त ई-सर्टिफिकेट देतं, कागदी घरी येतच नाही, हे मी तीनदा सांगितलं, त्यांनी फोल्डर माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुसऱ्या वेळी मी एनपीटेलच्या साइटवरची ती ओळ प्रिंट करून नेली, हार्ड कॉपी पाठवली जात नाही असं स्पष्ट लिहिलेली. तर म्हणे अर्ज लिहून दे. अर्ज लिहिला. तिसऱ्या वेळी तो अर्ज सापडेना. चौथ्या वेळी अर्ज सापडला पण आता प्रश्न वेगळाच, हा कोर्स आपल्या यादीत आहे का, आणि यादी कोणाकडे हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. तोवर मार्क भरायची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती आणि मी दर फेरीला दीड तास जायला, दीड तास यायला घालवत होते, एकदा तर लंच टाइम झाला म्हणून नुसतं बाकावर बसून राहावं लागलं. त्या बाकावर बसून मला खरंच रडायला आलं, अभ्यास करून पास व्हायचं आणि मग शिक्क्यासाठी भीक मागायची असं वाटत होतं.

पाचव्या वेळी मी थेट आमच्या डिपार्टमेंटच्या सरांकडे गेले, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमात आहे की सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंमवरून घेता येतात, पण कोणते चालतील ते कॉलेजने आधी जाहीर करायचं असतं. सरांनी ती नोटीस काढून दिली, माझा कोर्स त्यात होता! मग स्वतः माझ्यासोबत खाली आले, काउंटरवर मोबाइल काढला, सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि फोन मॅडमपुढे धरला. स्क्रीनवर माझं नाव, माझा फोटो, 69. मॅडमनी चष्मा वर करून प्रिंट आणि फोन दोन्ही ताडून बघितलं, म्हणाल्या, "अशें आसा तर पयलींच सांगपाचें." सरांनी प्रिंटवर "ऑनलाइन पडताळले" लिहून सही केली, डिपार्टमेंटचा शिक्का मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला मॅडमचा राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसणार की असं सर्टिफिकेट कसं तपासायचं. पण आमच्या वर्गातल्या तिघांनी कोर्स घेतला होता, त्यातल्या दोघांनी "क्रेडिट मिळणार की नाही कोणास ठाऊक" म्हणून परीक्षेचे 1000 रुपये भरलेच नाहीत. कोर्स शिकणं फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेचे. भरण्याआधी ती यादीची नोटीस मागून घ्या, फोटो काढून ठेवा.

आणि हो, परीक्षेच्या फॉर्मवर नाव आधारवर आहे तसंच टाका. माझ्या मैत्रिणीने वडिलांचं नाव गाळलं, नंतर बदलता येईना. एबीसी आयडी (आपले क्रेडिट जिथे जमा होतात त्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) डिजिलॉकरमधून आधीच काढून ठेवा, मला तो चौथ्या फेरीत मागितला आणि फोनमध्ये होता म्हणून आणखी एक फेरी वाचली. आणि अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच घ्या, माझी तिसरी फेरी फुकट गेली ती पोच नव्हती म्हणूनच.

मार्कशीट जानेवारीत आली. कोर्सचं नाव, पुढे 3 क्रेडिट. आईने ती देवापुढे ठेवली.