तांबाकाटा ते धोबीतलाव: आमची वाटचाल

आज आम्ही ट्रम्पेट, सॅक्सोफोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करतो, पण मूळचे तांबट. आजोबा रेवदंड्याहून मुंबईत आले आणि तांबाकाट्यावर हंडे, घंगाळी, बंब ठोकू लागले. साठच्या सुमारास घरोघरी स्टीलची भांडी शिरली आणि आमची गिऱ्हाइकं दर दिवाळीला कमी होत गेली. अशात एक गोवेकर गृहस्थ चेपलेलं ट्रम्पेट घेऊन दुकानात आले. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तोवर ट्रम्पेट हातातही धरलं नव्हतं. पण पितळ ओळखीचं होतं. लोखंडी कांबीच्या टोकाचा गुळगुळीत गोळा त्यांनी आत सरकवला आणि बाहेरून हंडा मठारावा तसं हलक्या हाताने ठोकत गेले. अर्ध्या तासात पोचा गेला. अण्णांनी तीन रुपये मागितले, गृहस्थांनी पाच दिले. आमच्या आजच्या धंद्याचं भांडवल ते.

ते गृहस्थ राहायचे धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात. गावागावाच्या अशा कुडांत तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, आणि वाजंत्री एकाच खोलीत ट्रंका लावून राहत. त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. वर्षभरात अण्णांनी धोबीतलावला एका जिन्याखालची जागा घेतली. रुंदी इतकीच, की लांबलचक ट्रॉम्बोन तपासायचा तर रस्त्यावर उभं राहावं लागे.

त्या काळी चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, एका फर्लांगात चार-पाच हॉटेलांत रोज बँड वाजत असे. गेलॉर्ड होतं, बॉम्बेलीज होतं. अस्टोरियातल्या व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी ट्रम्पेट वाजवत आणि लोर्ना गात. अॅम्बॅसडरमध्ये टोनी पिंटोंचा पियानो. वाजवणारे बहुतेक गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेले. दिवसा हेच लोक सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतला तो उसळता ट्रम्पेट आठवा. त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट रात्री हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन उभे राहत. १९६७ साली ते गेले, तेव्हा अण्णांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं होतं.

आता एक गंमत सांगतो. आमचं दुकान दारूबंदीने चालवलं. १९४९ च्या कायद्यामुळे कॉफीहाउसात काय आणि बँडच्या हॉटेलात काय, टेबलावर कोल्ड कॉफी, लिंबू सरबत, आइस्क्रीम सोडा. वाजवणारेही दोन गाण्यांच्या मध्ये तेच पीत. ती साखर फुंकीबरोबर सॅक्सोफोनमध्ये उतरायची आणि चाव्यांखालचे, भोकं झाकणारे चामड्याचे पॅड भोकांनाच चिकटायचे. सगळ्यात आधी जी-शार्प या स्वराची चावी. ती दाबली तरी उघडायचीच नाही. रविवारी सकाळी कॉलेजच्या पोरापोरींसाठी जॅम सेशन असे. ते संपलं, की दुपारी दोनला जिन्याखाली वाद्यांच्या पेट्यांची रांग. "पात्रांव, आयज रातीं वाजोवपाक जाय!" म्हणजे, मालक, आज रात्री वाजवायला हवं! अण्णा कोरी एक रुपयाची नोट घेत, पॅडखाली सरकवत, पॅड वरून हलका दाबून नोट हळूच ओढत. नोटेवर तपकिरी वर्तुळ उमटे. तीनचार वेळा केलं की चावी मोकळी. याचे पैसे ते घेत नसत, म्हणून मोठं काम आपल्याकडेच येई, असा त्यांचा हिशेब.

मोठं काम म्हणजे पॅड बदलणं. टेनर सॅक्सोफोनला वीसबावीस तरी लागतात. ते परदेशी, आणि आयातीवर बंधनं. एखादा तारवटी जहाजावरून पुडकं आणायचा, पण त्याचा भरवसा काय? मग अण्णांनी धारावीतून बकऱ्याचं पातळ चामडं आणलं, आत नमद्याची चकती घातली आणि घरीच पॅड बनवू लागले. आई रात्री कात्रीने चकत्या कापायची. चिकटवायला लाख आपलीच. तिचा मात्र तोटा नव्हता.

त्याच लाखेने एकदा घात केला. ३१ डिसेंबरला दुपारी चारला एक टेनर आला, सहाला हवा होता. अण्णांनी घाईत लाख पुरती तापवली नाही. रात्री अकराला, भर डान्समध्ये, खालचा मोठा पॅड निखळून लाकडी फ्लोअरवर पडला. वाजवणाऱ्याने उरलेली रात्र क्लॅरिनेटवर काढली. १ जानेवारीला चर्चमधली मिस्सा आटोपून तो आला, रुमालात बांधलेला पॅड फळीवर ठेवला आणि काही न बोलता उभा राहिला. तेव्हापासून २४ डिसेंबरनंतर आम्ही काम घेत नाही. आजही नाही, कृपया आग्रह करू नये.

मी १९७६ ला फळीवर बसलो, तेव्हा उतरती कळा लागली होती. डिस्कोथेक आले, बँडच्या जागी रेकॉर्ड वाजू लागली. एका हॉटेलने बँड बंद केला आणि आमचं दीड वर्षाचं बिल बुडवलं. पुढे सिंथेसायझरने स्टुडिओतलंही काम नेलं. आम्हाला तारलं लग्नाच्या बँडवाल्यांनी. त्यांची वाद्यं उन्हात, पावसात, वरातीत आपटतात, त्यामुळे पोचे काढायला तोटा नाही. कमीपणा वाटायचा सुरुवातीला, कबूल करतो. पण १९७८ ला पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, आमच्या दारातच, रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर भरली. अमेरिकेचे नामवंत सॅक्सोफोनवादक सोनी रॉलिन्स वाजवत होते. अण्णा रस्त्यावर उभे राहून ऐकत होते आणि मला म्हणाले, "पॅड चांगले आहेत."

आता माझा पुतण्या आणि दोन कारागीर आहेत. पॅड ऑनलाइन मागवतो, घरी बनवत नाही. नोटेचं तंत्र मात्र तेच राहिलं. १९९४ ला एक रुपयाची नोट छापणं बंद झालं, तेव्हा अण्णांनी जपलेलं कोऱ्या नोटांचं बंडल निघालं, ते बरीच वर्षं पुरलं. २०१५ ला नोट परत आली, पण पुतण्या म्हणतो सिगारेटचा कागद बरा. गल्ल्यात दोन्ही ठेवलेत.