आमची वाटचाल : श्रोत्यागणिक मोजलेली बँडविड्थ

साताऱ्यात आम्ही ऑनलाइन रेडिओचं काम सुरू केलं ते जिओ येण्याआधी. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तेव्हाही तोच होता : ‘स्टुडिओत किती एमबीपीएसची लाइन घ्यायची?’ खरं तर स्टुडिओतून सर्व्हरकडे एकच स्ट्रीम जातो. तो १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) असेल तर त्याच्या दुप्पट अपलोड कायम मिळाला की भागतं.

खर्च पुढे आहे. एफएमचा मनोरा उभा राहिला की ऐकणारे दहा असोत की दहा हजार, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर मात्र सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत पाठवतो. १२८ केबीपीएसला एका श्रोत्यामागे तासाला ५७.६ एमबी. शंभर जण एकाच वेळी ऐकत असतील तर १२.८ एमबीपीएस, आणि तीन तासांत १७ जीबीच्या वर. हा हिशेब आम्ही कोटेशनच्या आधी मांडून देतो.

आमच्याकडे कीर्तन, व्याख्यानमाला आणि गणेशोत्सवाचे कार्यक्रम जास्त. व्याख्यानाला ३२ केबीपीएस मोनो एचई-एएसी (कमी डेटात आवाज बसवणारी पद्धत) पुरतं. कीर्तनात तेवढ्यावर बुवांचा आवाज निभावतो, पण टाळ बिघडतात. त्यांची किणकिण पाण्याखालून आल्यासारखी होते. म्हणून मांडवात आम्ही आधी टाळकऱ्यांना वाजवायला सांगतो, सर्व्हरवरून परत आलेला आवाज हेडफोनवर ऐकतो आणि मगच बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते, ठरवतो. बहुतेक वेळा ६४ला टाळ सुटे ऐकू येतात, डेटा १२८च्या निम्मा.

२०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि ‘३२चा स्ट्रीम आता बंद करा’ म्हणणारे पुष्कळ भेटले. आम्ही तो ठेवलाच. घाटात, एसटीत, नेटवर्क जेमतेम असलेल्या वाडीवर तोच टिकतो, आणि तिथली माणसं आम्हाला तितकीच मोलाची वाटतात. आइसकास्ट या स्ट्रीमिंग सर्व्हरवर ३२ आणि ६४ असे दोन्ही माउंट पॉइंट (स्ट्रीमचे वेगवेगळे पत्ते) चालू असतात. अपलोड दोन्हींचा मिळून ९६ केबीपीएस.

मांडवात रात्री गर्दी वाढली की सगळे व्हिडिओ चढवायला लागतात आणि मोबाइल टॉवरवरचा अपलोड आटतो. त्यामुळे ब्रॉडबँडची तार ओढून घेतो, सिमचा राउटर फक्त जोडीला. इथे संध्याकाळचे सात म्हणजे गणपतीच्या दिवसांत न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. तिकडचे श्रोते जास्त असतील तर रिले सर्व्हर अमेरिकेत लावतो. मुंबईच्या सर्व्हरवरून प्रत्येक स्ट्रीमची एकच प्रत तिकडे जाते, श्रोत्यांना वाटप तिकडेच होतं.

चौकशी करताना लाइनचा वेग नंतर सांगा. कार्यक्रम कसला, एका वेळी ऐकणारे किती आणि ते कुठे राहतात, एवढं आधी कळवा.